‘ऑनबोर्ड’ म्हणजे फुसकं?

शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन निवांत बसलो होतो, तेवढ्यात नाशिकहून भाच्याचा मेसेज आला. भाचा नववीत आहे. गेलं वर्षभर घरात पीसीचा हट्ट चालू होता, शेवटी एकदाची आई राजी झाली.

"मामा, कोटेशन बघ ना. दुकानवाले काका म्हणतात एकदम भारी मशीन होईल."

खाली फोटो. दुकानाच्या पॅडवर हाताने लिहिलेली यादी. प्रोसेसर, मदरबोर्ड, ८ जीबी रॅम (एकच स्टिक), एसएसडी, ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’, एसएमपीएस, आणि रंगीबेरंगी दिवे लागणारं कॅबिनेट. हे शेवटचं दुकानदाराने सुचवलेलं नसणार, हे मामाला लगेच कळलं :-)

मी फोटो झूम करून प्रोसेसरचं नाव पाहिलं. नंबरच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर होतं. म्हणजे या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. आणि ते २ जीबीचं कार्ड? २०१४ च्या पिढीतलं. भाच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

मी लिहिलं, "एफ नको. ज्यात ग्राफिक्स आहे तो प्रोसेसर घे आणि ते कार्ड काढून टाकायला सांग."

अर्ध्या मिनिटात उत्तर. "मामा!!! ऑनबोर्ड?? ते फुसकं असतं. मित्र हसतील."

आता यावर मी काय बोलणार? हेच वाक्य २००८ साली मी स्वतः म्हटलेलं आहे, आणि ते बरंच महागात पडलं. मला नाही. माझ्या बहिणीला, म्हणजे या भाच्याच्याच आईला. त्याला ही गोष्ट माहीत नाही. म्हटलं, आज लिहूनच टाकावी.

* * *

२००८ मध्ये आम्ही डोंबिवलीला राहायचो. माझ्या नोकरीला दोन-अडीच वर्षं झाली होती, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटायचं ते वय. बहीण आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला जाणार होती. कॉलेजात थ्रीडी व्ह्यूज मागायला लागले होते आणि घरचा जुना पेंटियम उघडझाप करूनच दमायचा. बाबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्यांनी तीस हजार काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तुला त्यातलं कळतं, तूच बघ." बहीणही तेच म्हणाली. "दादा, तू ठरव. मला फक्त मॅक्स चाललं पाहिजे."

बस्स. एवढीच तिची अट होती.

त्या काळातला बाजार आजच्या मुलांना कळावा म्हणून थोडं सांगतो. तेव्हा मदरबोर्डवर दोन मोठ्या चिप असायच्या, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. दोन्ही मिळून चिपसेट. ऑनबोर्ड ग्राफिक्स म्हणजे या नॉर्थब्रिजच्या पोटातच ग्राफिक्सचा छोटासा भाग. त्याला स्वतःची मेमरी बहुतेक नसायची, तो आपल्या रॅममधूनच तुकडा घ्यायचा. त्यामुळे कोणता मदरबोर्ड घ्यायचा, म्हणजे कोणता चिपसेट घ्यायचा, या प्रश्नाचा अर्थच ‘ग्राफिक्स कोणाचं’ असा होता.

या प्रकाराला नावं ठेवायला कारणंही भरपूर होती. इंटेलने १९९९ मध्ये ८१० चिपसेट आणला, तेव्हापासून स्वस्तातल्या पीसीमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स सर्रास दिसायला लागलं. स्क्रीनवर अक्षरं दिसायची, पिक्चर चालायचा. त्याच्या पुढची अपेक्षा ठेवायची नाही. २००१ मध्ये एनव्हिडियाने एनफोर्समध्ये जीफोर्स २ एमएक्सच्या दर्जाचं ग्राफिक्स घालून दाखवलं, तेव्हा लोकांना पहिल्यांदा वाटलं की अरे, हे इतकं वाईट असायलाच पाहिजे असं काही नाही!

पण सगळ्यात मोठी नाचक्की झाली ती व्हिस्टाच्या वेळी. २००६ मध्ये नव्या मशीन्सवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागले. इंटेलच्या ९१५ चिपसेटवर व्हिस्टाचा तो काचेसारखा पारदर्शक इंटरफेस चालतच नव्हता, तरी त्या मशीन्सना स्टिकर मिळालं, कारण मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरची अट शिथिल केली होती. २००७ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि २००८ मध्ये कंपनीचे अंतर्गत ईमेल कोर्टामुळे उघड झाले. इंटेलला तिमाहीचे आकडे गाठता यावेत म्हणून अट खाली आणली, असं एकात लिहिलेलं. आणि मायक्रोसॉफ्टच्याच एका उपाध्यक्षाने स्वतःच्या नव्या लॅपटॉपबद्दल तक्रार केली होती, की आता माझ्याकडे २,१०० डॉलरचं नुसतं ईमेलचं यंत्र आहे! हे वाचून आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो होतो. ‘ऑनबोर्ड’ हा शब्दच शिवीसारखा झाला होता.

गंमत म्हणजे नेमकं त्याच वर्षी चित्र बदललं. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्सवाली कंपनी ५.४ अब्ज डॉलरला विकत घेतली होती. त्याचं पहिलं खणखणीत फळ म्हणजे मार्च २००८ मध्ये आलेला ७८०जी चिपसेट. त्यात रेडिऑन एचडी ३२०० नावाचं ग्राफिक्स, ४० स्ट्रीम प्रोसेसर, डायरेक्टएक्स १०, आणि हाय डेफिनिशन व्हिडिओ उलगडायला वेगळा भाग, म्हणजे प्रोसेसरला घाम फुटायचा नाही. समोर एनव्हिडियाचा जीफोर्स ८२०० होता. इंटेलकडे स्वस्तात जी३१, त्याच्यावर जी३५, आणि जूनमध्ये जी४५ आला. तिघांची अशी चुरस त्याआधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

मी हे सगळं वाचलं होतं. अक्षरशः सगळं. ऑफिसात बिल्ड चालू असलं की एका खिडकीत बिल्डचा लॉग आणि दुसरीत मदरबोर्डचे रिव्ह्यू. कुठल्या बोर्डवर ग्राफिक्ससाठी वेगळी १२८ एमबीची मेमरी चिप आहे, इंटेल प्रोसेसरसाठीच्या एनव्हिडियाच्या कुठल्या स्वस्त चिपसेटला रॅमचा एकच चॅनल आहे, सगळं तोंडपाठ. आणि एवढं वाचून शेवटी निर्णय काय घेतला? यातलं काहीच नको! इंटेलचा पी३५ बोर्ड घ्यायचा, ज्यात ग्राफिक्स नाहीच, आणि वर वेगळं कार्ड लावायचं. कारण? कारण ऑनबोर्ड फुसकं असतं. मित्र हसतील.

* * *

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पावसाळी दिवस, फुटपाथवर निळ्या प्लॅस्टिकखाली केबल आणि की-बोर्ड मांडलेले. दुकानदाराने यादी पाहिली आणि विचारलं, "बॉस, गेमिंग के लिए है क्या?"

म्हटलं, "नहीं, बहन आर्किटेक्चर करती है."

"तो फिर ऑनबोर्ड वाला ले लो ना. कार्ड का पैसा प्रोसेसर में डालो."

मी त्याच्याकडे जरा दयेनेच पाहिलं. बिचारा, याला काय कळतंय चिपसेटमधलं!

मंडळी, त्याला सगळं कळत होतं. मला कळत नव्हतं. थ्रीडीचं काम दोन तऱ्हेचं असतं. मॉडेल करताना ते फिरवून-वळवून बघायचं, हे ग्राफिक्सचं काम. आणि शेवटचं गुळगुळीत, सावल्या-प्रकाशासकट चित्र काढायचं, म्हणजे रेंडर, हे त्या काळी पूर्णपणे प्रोसेसरचं काम होतं. कार्ड कितीही भारी असो, रेंडर चालू असताना ते हात बांधून बसलेलं असायचं. बहिणीची छोटी-मोठी मॉडेल्स फिरवायला ७८०जी पुरला असता. तिला खरी गरज होती चार कोअरच्या प्रोसेसरची आणि भरपूर रॅमची.

पण कार्डाला पैसे गेले ना. मग चार कोअरऐवजी दोन कोअर घेतले. २ जीबीच्या दोन स्टिकऐवजी एक. "पुढच्या महिन्यात दुसरी टाकू." ती दुसरी स्टिक कधी आली ते विचारू नका. यूपीएस सगळ्यात स्वस्तातला.

मशीन घरी आलं. मी मोठ्या अभिमानाने बेंचमार्क चालवून दाखवला. बाबांनी विचारलं, "हे नक्की कशासाठी असतं?" याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

पुढची दोन वर्षं त्या कार्डाचा खरा उपयोग कोणी केला? मी. शनिवार-रविवारी गेम खेळायला. आणि बहीण काय करायची? रात्री अकराला रेंडर लावून झोपायची, सकाळी उठून बघायची तर निम्मं झालेलं. त्या वर्षांत डोंबिवलीला भारनियमन होतं, तासन् तास. रेंडर मध्यावर आला की वीज जायची, यूपीएस दहा मिनिटं कण्हायचा आणि बंद. एक मोठं कार्ड फुकटची वीज खातंय आणि म्हणून बॅटरी लवकर संपतेय, हे गणित इंजिनियर असलेल्या भावाला सुचलं नाही. तिने कधी तक्रार केली नाही. तिला वाटायचं, दादाने घेतलंय म्हणजे यापेक्षा चांगलं मिळत नसणार. मशीन असंच असतं.

हे वाक्य मला अजून टोचतं.

* * *

मे २०१०. थीसिसची शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी शीट्स प्रिंटला द्यायच्या आणि दुपारी ज्युरी. रात्री साडेअकराच्या सुमारास तिने हाक मारली. "दादा, स्क्रीनवर काहीतरी विचित्र येतंय."

स्क्रीनभर रंगीत चौकटी पसरल्या होत्या. मी बघेपर्यंत स्क्रीन काळा. बंद करून चालू केलं तर आतून एक लांब आणि दोन आखूड बीप. ज्यांनी त्या काळात असेंबल्ड मशीन वापरलं आहे त्यांना हे बीप माहीत असतील. एक लांब दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स गेलं. कॅबिनेट उघडलं. कार्डाचा पंखा धुळीने जाम झाला होता आणि कार्ड हाताला चटका बसेल इतकं तापलेलं.

आता परिस्थिती बघा. प्रोसेसर ठणठणीत. रॅम ठीक. हार्डडिस्कवर पाच वर्षांच्या शिक्षणाचं शेवटचं काम सुखरूप. आत सगळं चालू आहे, फक्त ते दिसायला वाट नाही. बोर्डाच्या मागे एक साधं व्हीजीए पोर्ट असतं, तर मॉनिटरची केबल इकडून काढून तिकडे लावली असती आणि दोन मिनिटांत कामाला लागली असती. पण मी खास ग्राफिक्स नसलेला बोर्ड निवडला होता ना! विचारपूर्वक! पंधरा रिव्ह्यू वाचून!

रात्री बारा वाजता डोंबिवलीत ग्राफिक्स कार्ड मिळत नाही. शेवटी हार्डडिस्क काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली, आणि बहीण ती मांडीवर घेऊन रिक्षाने मैत्रिणीकडे गेली. मी शेजारी बसलो होतो. ती काही बोलली नाही. रस्त्यावर खड्डा आला की दोन्ही हातांनी टॉवेल घट्ट धरायची.

मैत्रिणीचा पीसी माझ्या भाषेत ‘डबडा’ होता. स्वस्तातला बोर्ड, ऑनबोर्ड ग्राफिक्स. पण चार कोअर आणि दोन स्टिक रॅम. पहाटे पाचपर्यंत सगळ्या शीट्स झाल्या. दोन व्ह्यू राहिलेच. ज्युरीत त्यावरून बोलणी बसली, पण निभावलं.

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "दादा, तिच्याकडे किती पटकन झालं रे."

त्या वर्षी भाऊबीजेला मी ओवाळणीत चार कोअरचा प्रोसेसर घातला. तोवर तिचं कॉलेज संपलेलं होतं.

* * *

असो. आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं की, ऑनबोर्ड ग्राफिक्सकडे आपण ‘किती फ्रेम देतं’ एवढ्याच नजरेने बघतो आणि तिथेच चुकतो. ते आधी विमा आहे, मग ग्राफिक्स. गाडीला स्टेपनी असते, तिच्यावर आपण शर्यत लावत नाही. पण स्टेपनीशिवाय कोणी कसारा घाट चढत नाही.

नोकरीत आम्ही दिवसभर हेच करतो. एक सर्व्हिस पडली तर दुसरी उभी राहिली पाहिजे, काहीच नाही तर निदान साधं पान दिसलं पाहिजे. डिझाइन रिव्ह्यूमध्ये ‘हे पडलं तर काय?’ हा प्रश्न विचारला नाही तर सीनियर लोक खाऊन टाकतात. आणि तेच आपण घरचा पीसी घेताना हजार-दोन हजार रुपये वाचवायला एफवाला प्रोसेसर घेतो. कार्ड बिघडलं, दुरुस्तीला दिलं, वॉरंटीत तीन आठवडे अडकलं, की मशीन म्हणजे नुसतं दिव्यांचं कपाट.

आता आजचं चित्र. ‘ऑनबोर्ड’ हा शब्दच खरं तर खोटा झालाय, कारण ग्राफिक्स बोर्डावर राहिलेलंच नाही. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने ते प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणलं, जानेवारी २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये तर एकाच चिपवर. त्याच वर्षी एएमडीने लानोमध्ये तेच केलं. एनव्हिडियाचा चिपसेटचा धंदा यात आटोपला. नव्या प्रोसेसरसाठी त्यांना चिपसेट बनवायचा हक्क आहे की नाही यावर इंटेलने फेब्रुवारी २००९ मध्ये कोर्टात धाव घेतली. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली, इंटेलने दीड अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, पण तोपर्यंत एनव्हिडियाने चिपसेटचा नाद सोडला होता. नॉर्थब्रिजही गेला. म्हणजे २००८ ची ती तिरंगी लढत ज्या मैदानावर चालली होती, ते मैदानच नाहीसं झालं.

म्हणून आज मदरबोर्ड निवडताना प्रश्न वेगळे आहेत. मी भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पहिलं. बोर्डाच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे म्हणजे चित्र येईल, असं नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच ते पोर्ट जिवंत. एफवाला प्रोसेसर लावला तर ते नुसतं भोक. यात फसलेले लोक मी पाहिलेत, चांगले इंजिनियर लोक.

दुसरं. ‘ग्राफिक्स आहे’ यातही प्रकार आहेत. एएमडीच्या २०२२ मधल्या रायझन ७००० पासून नेहमीच्या प्रोसेसरमध्येही दोन युनिटचं छोटं ग्राफिक्स असतं. ती खरीखुरी स्टेपनी. स्क्रीन दिसेल, पिक्चर चालेल, गेमची आशा ठेवू नका. पण जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ८६००जी मध्ये आठ आणि ८७००जी मध्ये बारा युनिट आहेत. त्या बारा युनिटवाल्याचं नाव रेडिऑन ७८०एम. नाव वाचून मला आमच्या ७८०जी ची आठवण आली, कबूल करतो. भाचा जे खेळतो, म्हणजे व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट, ते ८६००जी वर मजेत चालतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. रॅमच्या दोन स्टिक. हे ग्राफिक्स आजही रॅमवरच जगतं. डीडीआर ५-५६०० रॅमच्या दोन स्टिक असतील तर सेकंदाला ८९.६ जीबी जायची वाट मिळते, एकच असेल तर त्याच्या निम्मी. दुकानदाराच्या यादीत एकच स्टिक होती. एका स्टिकवर ऑनबोर्ड चालवायचं आणि मग म्हणायचं की फुसकं आहे, हा कुठला न्याय? २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, हे मान्य. मग एक मोठी घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्या, पण दोन घ्या.

चौथं. ‘२ जीबी कार्ड’ या आकड्याला भुलू नका. यादीतल्या त्या कार्डाची मेमरी डीडीआर ३, रुंदी ६४ बिट, वेग सेकंदाला १४.४ जीबी. वर लिहिलेल्या ८९.६ शी ताडून बघा. २ जीबी म्हणजे टाकीचा आकार, आणि नळ तर करंगळीएवढा. असली कार्डं अजूनही दुकानात विकली जातात, कारण यादीत ‘ग्राफिक्स कार्ड’ असे दोन शब्द दिसले की आई-वडिलांना बरं वाटतं. पैसे देऊन मागे जाण्याचा हा प्रकार आहे.

पाचवं, चिपसेट. आता तो ग्राफिक्स ठरवत नाही, पुढची वाट ठरवतो. इंटेलच्या एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात, एएमडीच्या ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. ऑफिसच्या कामाला दोन्ही पुरेत. पण पाच वर्षं मशीन वाढवत न्यायचं असेल तर सॉकेट बघा. एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. म्हणून भाच्याला बी६५० चा मधला बोर्ड, चार रॅम स्लॉटवाला, आणि चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस. पुढे कधी कार्ड लावावंसं वाटलं तर लावेल.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस प्रायश्चित्त घेतोय. (घेतोच आहे. तरी.) वेगळं कार्ड लागतंच अशी कामं आहेत. नवे मोठे गेम चांगल्या दर्जात खेळायचे असतील तर लागतं. २००८ मध्ये रेंडर म्हणजे फक्त प्रोसेसर होता. आज ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर कार्डावर रेंडर करतात आणि प्रोसेसरला कितीतरी मागे टाकतात. मशीन लर्निंग शिकायचं असेल तरी कार्ड हवं. आज कुणी आर्किटेक्चरची मुलगी माझ्याकडे आली, तर मी कदाचित चांगलं कार्ड घे असंच सांगेन. शिवाय ८६००जी सारख्या प्रोसेसरची किंमत तुम्ही पुढे मोजता. त्याला कार्डासाठी सोळाऐवजी आठच लेन मिळतात, आणि कॅशही कमी असते. पहिल्याच दिवशी दमदार कार्ड लावणार असाल, तर दोन युनिटवाला नेहमीचा प्रोसेसर जास्त शहाणपणाचा. एफ मात्र तेव्हाही नको. कार्ड घ्या, पण स्टेपनी काढून ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न. हे मशीन कोण वापरणार आहे आणि ते काय करणार आहे? हा प्रश्न मला लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने विचारला होता. मी पंधरा रिव्ह्यू वाचले होते, पण बहिणीच्या शेजारी बसून तिचं एक रेंडर कधी पाहिलं नव्हतं. आपण आयटीवाले लोक घरात ‘त्यातलं कळणारे’ असतो. कुणाचे तरी पीएफचे, कुणाच्या तरी बचतीचे पैसे आपल्या हातात येतात आणि आपण त्यातून आपल्याला हवं असलेलं मशीन घेऊन येतो. समोरचा माणूस तक्रारही करत नाही, कारण त्याला वाटतं मशीन असंच असतं.

म्हणून काल संध्याकाळी भाच्याला फोन केला आणि आधी तासभर नुसतं विचारलं. काय खेळतोस, कोणाबरोबर, ब्लेंडरचे व्हिडिओ बघतोस ते नुसते बघतोस की करायचंय? तर म्हणाला, "करायचंय मामा, पण आधी शिकायचंय." मग आम्ही ठरवलं. आज कार्ड नाही. ८६००जी, दोन स्टिक, चांगला एसएमपीएस. वर्षभर ब्लेंडर शिकला आणि मशीन कमी पडायला लागलं, तर कार्ड मामाकडून. कॅबिनेटचे दिवे मात्र मंजूर. शेवटी मित्र हसायला नकोत :-)

फोन ठेवायच्या आधी बहीण लाइनवर आली. मी तिला सगळी यादी वाचून दाखवली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते सगळं तू बघ दादा. फक्त मागे मॉनिटर लावायला दुसरी जागा आहे ना, ते सांग."

म्हटलं, "आहे."